घरातील ज्येष्ठ चालक: कायदा, तपासणी आणि गाडीची किल्ली

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने आता गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत अचानक उभा राहतो. एखाद्या संध्याकाळी गाडी फाटकाच्या खांबाला घासते किंवा नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकते, आणि तोवर या विषयाचा कधीच विचार न केलेली माणसे दोन दिवसांत निर्णय घेऊ पाहतात. अशा घाईत एक तर किल्ली काढून घेतली जाते, नाही तर "इतकी वर्षे चालवताहेत, काही होत नाही" असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्हींत नुकसान आहे. हा लेख या प्रश्नाला पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या कुटुंबांसाठी आणि सत्तरी जवळ आलेल्या चालकांसाठी लिहिला आहे. काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि कायदा कुठपर्यंत साथ देतो, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवते: वयाचा आकडा हे फार ढोबळ मोजमाप आहे. नजर, औषधे, लक्ष आणि शरीराची हालचाल ही खरी मोजमापे आहेत, आणि ती तपासण्याचे काम परवान्याची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी घरातच सुरू झाले पाहिजे.

पहिली पायरी: धोका नेमका कुठे आहे हे समजून घ्या

वृद्ध चालकाच्या हातून मोठा अपघात घडला की त्याची बातमी जगभर जाते. १६ जुलै २००३ रोजी अमेरिकेतील सांता मोनिका येथे ८६ वर्षांच्या चालकाची गाडी भर बाजारात शिरली आणि १० जणांचा मृत्यू झाला. १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली ३१ वर्षांची आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी सापडून मरण पावल्या. आपण ब्रेकच दाबला होता, दोष गाडीत होता, असे त्या चालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र त्याने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याचा निष्कर्ष काढला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला ५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अशा घटनांनंतर कायदा कडक करण्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. ज्यांचे माणूस गेले त्यांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद तोकडा पडतो, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

प्रत्येक किलोमीटरमागे होणारे मृत्यू मोजले, तर वृद्ध चालकांचे प्रमाण वाढलेले दिसते हे खरे. त्या वाढीचा मोठा भाग मात्र त्यांच्या शरीराच्या नाजूकपणातून येतो. ज्या धडकेत तरुण माणूस बरगडी दुखावून घरी जातो, त्याच धडकेत ऐंशीचा माणूस दगावतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या वाढीव मृत्यूंपैकी ६० ते ९५ टक्के वाटा या नाजूकपणाचाच असल्याचे आढळले. दुसरी गोष्ट अशी की, जो वर्षाला फार थोडे किलोमीटर गाडी चालवतो, त्याच्या प्रत्येक किलोमीटरमागचे अपघात कोणत्याही वयात जास्तच दिसतात, कारण त्याचे बहुतेक अंतर मोकळ्या महामार्गाऐवजी चौकाचौकांच्या गर्दीच्या रस्त्यांवर कापले जाते. वेग आणि मद्य यांमुळे होणाऱ्या अपघातांत वृद्ध चालक कमी आढळतात. ते जास्त आढळतात ते चौकात, विशेषतः समोरून येणारी वाहनांची रांग ओलांडून वळताना. म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी लक्ष द्यायचे ते चौकाकडे.

दुसरी पायरी: आपल्या ठिकाणचा कायदा वाचा आणि त्याच्या मर्यादाही जाणून घ्या

परवान्याची मुदत कधी संपते, नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते का, कोणता आजार कळवणे बंधनकारक आहे आणि तो न कळवल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो का, हे चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे मिळवा. देशोदेशी ही उत्तरे फार वेगवेगळी आहेत.

ब्रिटनमध्ये सत्तरीला परवान्याचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढे दर ३ वर्षांनी; तिथे भर मुख्यतः चालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर राहिला आहे. जपानमध्ये ७० ते ७४ या वयात नूतनीकरणापूर्वी प्रशिक्षण वर्ग सक्तीचा आहे, ७५ नंतर आकलनशक्तीची चाचणी द्यावी लागते, आणि मे २०२२ पासून ठरावीक नियमभंग केलेल्या ७५ वर्षांवरील चालकांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये ७५ पासून दरवर्षी वैद्यकीय तपासणी आहे. त्याच देशातील व्हिक्टोरियात केवळ वयामुळे होणारी अशी सक्ती दीर्घकाळ नव्हती, तरीही तिथल्या वृद्ध चालकांचे अपघात इतर राज्यांपेक्षा जास्त असल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या ५५ वर्षांनंतर दिलेला परवाना ५ वर्षांसाठी असतो; चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, पण कमाल वयाची मर्यादा नाही.

वादाचा खरा गाभा असा आहे की, ठरावीक वयाला सरसकट घेतलेली चाचणी रस्ते सुरक्षित करते का? याचे उत्तर सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांना वाटते तितके सरळ नाही. पूर्वी फिनलंडमध्ये वृद्ध चालकांना वैद्यकीय तपासणी होती आणि शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. दोन देशांची तुलना केल्यावर फिनलंडमध्ये वृद्ध चालकांचे अपघात कमी असल्याचे दिसले नाही, उलट पायी चालणाऱ्या वृद्धांचे मृत्यू जास्त आढळले. डेन्मार्कने २००६ मध्ये आकलनशक्तीची चाचणी आणली, आणि पुढे झालेल्या अभ्यासात चालकांचे मृत्यू घटलेले दिसले नाहीत. पायी आणि सायकलवरून जाणाऱ्या वृद्धांचे मात्र वाढले. डेन्मार्कने २०१७ मध्ये वयावर आधारित सक्तीची वैद्यकीय तपासणीच रद्द केली. न्यूझीलंडने ८० नंतरची सक्तीची रस्त्यावरची परीक्षा २००६ च्या अखेरीस बंद केली आणि वैद्यकीय प्रमाणपत्र कायम ठेवले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यावरच्या परीक्षेचे वय ७९ होते. ते १ जुलै २०२६ पासून ८७ करणारा कायदा २०२५ मध्ये झाला, आणि त्याच कायद्याने जवळच्या कुटुंबीयांना चालकाविषयीची काळजी अधिकृतपणे कळवण्याची सोय दिली. मला या बदलातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण ज्याला रोजचे दिसते त्याच्या शब्दाला त्यात स्थान आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. फ्लोरिडा राज्याने २००४ पासून ८० वर्षांवरील चालकांना नूतनीकरणाच्या वेळी दृष्टितपासणी सक्तीची केली, आणि त्यानंतर त्या वयोगटातील चालकांच्या मृत्यूचे प्रमाण १७ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. जपानमधील चाचणी २०१७ मध्ये अधिक कडक झाल्यावर ७५ वर्षांवरील चालकांचे अपघात घटले, पण त्याच वयाच्या पादचाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या दुखापती वाढल्या, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गाडी सोडलेला माणूस घरात बसून राहत नाही. तो रस्त्यावर पायी उतरतो, आणि तिथे त्याच्याभोवती पत्र्याचे कवचही नसते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या सर्व पायऱ्यांचा क्रम उलगडतो.

तिसरी पायरी: डोळ्यांपासून सुरुवात करा

सगळ्या तपासण्यांत डोळ्यांची तपासणी सोपी, कमी अपमानास्पद आणि सर्वात फलदायी आहे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीच्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, म्हणून संध्याकाळच्या कातरवेळी करड्या कपड्यातला पादचारी त्याला दिसतच नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की नजर पूर्ववत व्हायलाही अधिक वेळ लागतो. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप १७ जानेवारी २०१९ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी सँडरिंगहॅमजवळच्या एका फाट्यावर मुख्य रस्त्यावर गाडी घेताना दुसऱ्या गाडीला धडकले आणि त्यांची गाडी उलटली. क्षितिजालगतच्या सूर्यामुळे समोरचे दिसले नाही, असे त्यांनी जखमी महिलेला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी परवाना परत केला. राजघराण्यातली व्यक्ती असो वा साधी, वयस्क डोळ्याची अडचण हीच असते.

घरी करण्याची पहिली चाचणी अगदी साधी आहे. चांगल्या उजेडात २० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या गाडीची नंबरपाटी चष्मा लावून वाचायला सांगा. ब्रिटनमध्ये हाच निकष कायद्यात आहे. मात्र ही पाटी वाचता आली म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते आणि कडेची नजर हळूहळू जाते. माणसाला स्वतःला ते कळत नाही, कारण मेंदू रिकामी जागा भरून काढतो. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडे जाताना "गाडी चालवण्यासाठी तपासणी हवी आहे" असे स्पष्ट सांगा आणि दृष्टिक्षेत्राची व अंधुक प्रकाशात फिकट-गडद छटांतला फरक ओळखण्याची चाचणीही करून घ्या. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या चालकांचे अपघात न करून घेतलेल्यांच्या सुमारे निम्मेच होते. चष्म्याच्या जाड काड्या बाजूचे दृश्य झाकतात, म्हणून गाडीसाठी बारीक काड्यांचा चष्मा घ्या. समोरची काच आतून पुसण्याचे कुणाच्या लक्षातच येत नाही. आतल्या बाजूला जमलेला पातळ थर रात्रीच्या दिव्यांचा झगमगाट वाढवतो.

चौथी पायरी: औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा

वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून स्वतः आणलेली आणि शेजाऱ्याने सुचवलेली सगळी औषधे एका पिशवीत भरून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि एकच प्रश्न विचारा: यांतले कोणते औषध गाडी चालवताना गुंगी आणते? झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांपैकी डायझेपामच्या गटातल्या गोळ्या उतारवयात शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी गाडीत बसतानाही शिल्लक असतो. सर्दी-खोकल्याच्या जुन्या पिढीच्या गोळ्या, ज्यांत क्लोरफेनिरामिन असते, लोक औषधच मानत नाहीत; त्या लक्ष मंदावतात. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी साखर तपासणे आणि गाडीत ग्लुकोज ठेवणे हा नियमच असावा. कोणतेही औषध स्वतःहून बंद मात्र करू नका. वेळ किंवा गोळी बदलून मिळते का, ते विचारा.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल तर प्रश्न वेगळा होतो. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत काही जण ठरावीक काळ सुरक्षित चालवू शकतात, पण तपासणी दर ६ महिन्यांनी पुन्हा झाली पाहिजे आणि थांबण्याची तयारी निदानाच्या दिवसापासूनच सुरू झाली पाहिजे. या आजारात स्वतःची चूक स्वतःला जाणवण्याची शक्तीच आधी कमी होते, म्हणून "मला ठीक वाटते" या उत्तरावर इथे विसंबता येत नाही.

पाचवी पायरी: शेजारच्या सीटवर बसा, आणि गप्प बसा

निरीक्षण किमान तीन फेऱ्यांत करा: एक दिवसाची, एक संध्याकाळची आणि एक अनोळखी रस्त्याची. फोन आणि गप्पा बाजूला ठेवा, आणि शक्यतो चूक दाखवू नका. धोका दिसला तरच बोला. घरी आल्यावर तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवा.

मी वडिलांच्या शेजारी अशी बसले तेव्हा पहिली वीस मिनिटे मला काहीच खटकले नाही. गिअर वेळेवर पडत होते, वेग बेताचा होता, इंडिकेटर लागत होता. मग दिवे नसलेल्या एका चौकात ते वळण्यासाठी थांबले. त्यांनी एकीकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले, लांबून येणारा ट्रक जाऊ दिला आणि क्लच सोडला. ट्रकच्या मागून येणारी सायकल मला दिसली होती. त्यांना ती दिसली नाही, कारण दुसऱ्यांदा पाहताना त्यांचे फक्त डोळे वळले, मान वळली नाही. मी "बाबा, थांबा" म्हणाले, गाडी थांबली, सायकलस्वार निघून गेला. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "कुठून आली?" त्या एका प्रश्नाने मला जितके सांगितले, तितके कोणत्याही प्रमाणपत्राने सांगितले नसते.

तेव्हा नेमके काय पाहायचे? चौकात मान वळते की फक्त डोळे. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये गाडी राहते की एका बाजूला सरकते. बोलणे सुरू होताच वेग आपोआप कमी होतो का. मागच्यांचे हॉर्न नेहमीपेक्षा जास्त ऐकू येतात का. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर अचूक जातो की चाचपडतो. ओळखीच्या रस्त्यावर वळण विसरले जाते का. हे शेवटचे एकदा घडले तर लिहून ठेवा, दुसऱ्यांदा घडले तर डॉक्टरांकडे जा. गाडीभोवतीही एक चक्कर मारा. एकाच कोपऱ्यावर, एकाच उंचीवर पुन्हा पुन्हा पडलेले ओरखडे आणि पोचे त्या बाजूची नजर किंवा अंतराचा अंदाज कमी झाल्याचे सांगतात.

प्रतिसादाला लागणारा जास्तीचा वेळ किरकोळ वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोहोचायला अर्धा सेकंद अधिक लागला तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे दोन मोटारींच्या लांबीइतकी. वेग ताशी ४० वर आणला की हेच अंतर साडेपाच मीटरांवर येते. बरेच ज्येष्ठ चालक आपणहून वेग कमी ठेवतात ते याच कारणाने, आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा.

सहावी पायरी: चालवणे बंद करण्याआधी चालवण्याची रीत बदला

निरीक्षणात गंभीर काही आढळले नाही, फक्त कुरबुरी आढळल्या, तर लगेच किल्लीवर येऊ नका. आधी बसण्याची जागा नीट करा. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे, आणि नजर स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा निदान ७ ते ८ सेंटिमीटर वर हवी. वयानुसार उंची कमी होते, पण सीट वर्षानुवर्षे त्याच जागी राहते. पुष्कळ ज्येष्ठ अक्षरशः स्टिअरिंगच्या आतून रस्ता पाहत असतात. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकलेली राहिली पाहिजे आणि अ‍ॅक्सिलरेटरसाठी फक्त पंजा वळला पाहिजे, म्हणजे घाबरल्यावर पाय आपोआप ब्रेकवर येतो. सैल चपला गाडीत नकोतच. मान वळत नसेल तर रुंद आरसा बसवा, आणि फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायाम शिकून घ्या. या व्यायामांची शिफारस डोळ्यांच्या तपासणीइतक्याच जोराने व्हायला हवी असे मला वाटते.

ऑटोमॅटिक गाडीने डाव्या पायाचे आणि हाताचे काम कमी होते, पण तिच्यात चुकीचे पेडल दाबले गेले तर क्लचचा अडसरही राहत नाही. म्हणून अशी गाडी घ्यायची असेल तर नवी सवय लागण्याइतके वय हाताशी असताना घ्यावी, आणि आपोआप ब्रेक लावणारी व पेडलची चूक ओळखणारी यंत्रणा असलेली घ्यावी. जपानमध्ये सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींत पेडलची चूक रोखणारी यंत्रणा सक्तीची होणार आहे. कायद्याने माणसाऐवजी यंत्राकडे वळण्याचा हा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो, कारण तो कुणालाही वयावरून वेगळे काढत नाही.

मग रस्ता निवडा. दिवे नसलेल्या चौकात समोरची रांग ओलांडून वळण्यापेक्षा पुढे जाऊन तीन सोप्या वळणांनी परत यावे. वर्तुळाकार चौक गोंधळाचा वाटला तरी तो प्रत्यक्षात सुरक्षित असतो: साध्या चौरस्त्यावर वाहने एकमेकांना आडवी येण्याच्या ३२ जागा असतात, वर्तुळाकार चौकात ८. सूर्य क्षितिजाजवळ असतानाची वेळ, पाऊस आणि रात्र टाळावी. हे बदल चालकाने स्वतः सुचवले तर फार उत्तम. तेवढी वाट पाहायला हरकत नाही.

सातवी पायरी: बोलणे

कुटुंबातल्या सगळ्यांनी एकत्र जमून वडिलांना किंवा आईला समोर बसवू नये. त्याला ते पंचायतीचे स्वरूप येते आणि माणूस बचावाच्या भूमिकेत जातो. ज्याचे म्हणणे ते ऐकतात अशा एकानेच बोलावे, शक्य तर गाडीतून उतरल्यावर लगेच नव्हे. "तुमचे वय झाले" हे वाक्य उच्चारूच नये. त्याऐवजी जे पाहिले ते सांगावे: "बाबा, परवा चौकात ती सायकल तुम्हाला दिसली नाही. मला भीती वाटली. डोळे आणि मान एकदा तपासून घेऊ, मी बरोबर येते." माझ्या वडिलांनी त्यावर लगेच उत्तर दिले नाही. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच नेत्रतज्ज्ञाची वेळ घेतल्याचे सांगितले.

घरच्यांच्या शब्दाला यश येत नसेल तेव्हा डॉक्टरांनी बोलावे. कॅनडातील ओंटारियो प्रांतात डॉक्टरांनी लेखी इशारा दिलेल्या रुग्णांचे गंभीर अपघात सुमारे ४५ टक्क्यांनी घटले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच अभ्यासात त्या रुग्णांना नैराश्यासाठी रुग्णालयात आणावे लागण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि काही जण त्या डॉक्टरांकडे पुन्हा कमी वेळा गेले. म्हणजे हा उपाय लागू पडतो, पण त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि ती किंमत हलकी करणे घरच्यांच्या हातात असते.

आठवी पायरी: तिऱ्हाइताचे मत

मतभेद कायम असेल तर तपासणी बाहेरच्या जाणकाराकडून करून घ्या. काही ठिकाणी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे करण्याची क्षमता तपासणारे) चालकांचे मूल्यमापन करतात. त्यात खोलीतल्या चाचण्या आणि रस्त्यावरची फेरी असे दोन भाग असतात. ही सोय नसेल तर दुहेरी ब्रेक असलेल्या गाडीत अनुभवी प्रशिक्षकाबरोबर तासभर फिरणेही पुष्कळ उपयोगी ठरते. निकाल काहीही आला तरी तो मान्य करायचा, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवावे. घरच्यांनाही तो मान्य करावा लागतो, हे विसरू नये: प्रशिक्षकाने चालवणे चांगले आहे म्हटले, तर पुढची तपासणी होईपर्यंत टोकणे बंद.

नववी पायरी: थांबण्याची तयारी, थांबण्याच्या आधी

ही पायरी कायद्यांच्या चर्चेत जवळजवळ नसतेच, आणि फिनलंड, डेन्मार्क व जपान यांच्या अनुभवानंतर तिला सर्वात जास्त महत्त्व द्यायला हवे. २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज असा होता की, सत्तरीच्या सुरुवातीला असलेल्या चालकांपैकी पुरुषांना आयुष्याची शेवटची सुमारे ७ वर्षे आणि स्त्रियांना सुमारे १० वर्षे गाडी न चालवता काढावी लागतात. निवृत्तीच्या पैशांची जुळवाजुळव माणूस वीस वर्षे आधी करतो. या वर्षांतल्या येण्याजाण्याची करत नाही. गाडी सोडलेल्या ज्येष्ठांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला आहे.

म्हणून गाडी सुरू असतानाच एक महिना यादी करा: कोणत्या दिवशी, कुठे, कशासाठी जाणे झाले. प्रत्येक नोंदीपुढे गाडीशिवाय ते कसे होईल हे लिहा आणि आठवड्यातून एक फेरी त्या पर्यायाने करून पाहा. बसचा थांबा, तिथे जाण्याच्या वाटेवरचा पदपथ, रस्ता ओलांडण्याची जागा हे सगळे पायी फिरून तपासा. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा त्यांच्या चालीला पुरतो का, ते घड्याळ लावून मोजा. पुरत नसेल तर दुसरी जागा शोधा आणि संबंधित यंत्रणेला लेखी कळवा. गाडीचा विमा, इंधन आणि दुरुस्ती यांवर वर्षाला जाणारी रक्कम काढून ती भाड्याच्या वाहनांसाठी वेगळी ठेवा, म्हणजे प्रत्येक फेरीला पैसे मागावे लागत नाहीत.

परवाना परत करायचा असेल तर तो ओळखपत्र म्हणून कुठे कुठे वापरला आहे ते पाहून आधी दुसरे ओळखपत्र तयार ठेवा. जपानमध्ये परवाना स्वतःहून परत करण्याची सोय १९९८ पासून आहे आणि परत करणाऱ्याला चालक म्हणून केलेल्या वाटचालीचे प्रमाणपत्र मिळते; इकेबुकुरोच्या दुर्घटनेच्या वर्षी, २०१९ मध्ये, सुमारे ६ लाख लोकांनी परवाने परत केले. गाडी विकायची की घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यायची, हा निर्णय त्यांनाच घेऊ द्या. स्मृतिभ्रंश असेल तर मात्र गाडी नजरेसमोर न ठेवणे बरे.

गाडी बंद झाल्यावर पहिल्या महिन्याच्या शेवटी जुनी यादी पुन्हा काढा आणि तिच्यातले काय गळले ते पाहा. दवाखाना आणि बँक कधी गळत नाहीत, कारण तिथे कुणीतरी घेऊन जातेच. गळते ते मित्राकडे जाणे, वाचनालय, संध्याकाळचे भजन किंवा पत्त्यांचा डाव. माझ्या वडिलांच्या यादीत वाचनालयासमोर तीन आठवडे काहीच लिहिलेले नव्हते, आणि त्यांनी तसे बोलून दाखवले नव्हते. आता दर मंगळवारी चार वाजता रिक्षा येते, तिचे पैसे गाडीच्या विम्याच्या रकमेतून आधीच बाजूला काढलेले असतात, आणि पुढच्या आठवड्याची वेळ ते उतरतानाच चालकाला सांगून ठेवतात.